२०१४–१५ सॅक्रामेंटो किंग्ज हंगाम

२०१४–१५ चा हंगाम हा सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरातील ३०वा हंगाम होता. हा संघ नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या स्पर्धेत खेळतो. या हंगामात संघाने ८२ पैकी २९ सामने जिंकले व ५३ गमावले. पश्चिम गटातील १५ संघांत तो १३वा आला आणि सलग नवव्या वर्षी बाद फेरीपासून (प्लेऑफ) दूर राहिला. एकाच हंगामात मायकेल मलोन, टायरोन कॉर्बिन व जॉर्ज कार्ल असे तीन मुख्य प्रशिक्षक झाल्यामुळे हे वर्ष विशेष चर्चेत राहिले. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत सिम भुल्लर हा या संघाकडून खेळला. एनबीएच्या सामन्यात उतरलेला तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू होय.

एनबीएमध्ये ३० संघ असून त्यांचे पूर्व व पश्चिम असे दोन गट पाडलेले आहेत. त्या वेळच्या नियमांनुसार प्रत्येक संघ ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ८२ सामने खेळे आणि प्रत्येक गटातील पहिले आठ संघ बाद फेरीत जात. मोठ्या हंगामात एखाद-दुसऱ्या पराभवाने फारसे बिघडत नाही. पश्चिम गटात मात्र त्या काळी इतकी चुरस होती की, आठ-दहा सामन्यांची घसरणही बाद फेरीची आशा संपवण्यास पुरेशी ठरे.

पार्श्वभूमी

किंग्ज हा एनबीएतील सर्वांत जुन्या संघांपैकी एक आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ‘रॉयल्स’ या नावाने तो सुरू झाला. त्याच नावाने १९५१ मध्ये त्याने आपले आजवरचे एकमेव विजेतेपद मिळवले. पुढे सिनसिनाटी व कॅन्सस सिटी असा प्रवास करून १९८५ मध्ये तो सॅक्रामेंटोला आला. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्रिस वेबर, व्लादे डिवाच, पेजा स्टोयाकोविच आणि माइक बिबी यांच्या संघाने मोठी लोकप्रियता मिळवली. २००६ नंतर मात्र संघाला बाद फेरी गाठता आली नाही. प्रेक्षागार जुने झाले, तत्कालीन मालक आर्थिक अडचणीत आले, आणि २०१३ मध्ये संघ सिॲटलच्या गुंतवणूकदारांना विकून तिकडे हलवण्याचा प्रस्ताव पुढे आला. शहराचे महापौर व एनबीएचे माजी खेळाडू केव्हिन जॉन्सन यांनी संघ शहरातच राहावा म्हणून पर्यायी खरेदीदार उभे केले. मे २०१३ मध्ये एनबीएच्या संघमालकांनी स्थलांतराचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला.

या पर्यायी गटाचे नेतृत्व विवेक रणदिवे यांच्याकडे होते. मुंबईत जन्मलेले रणदिवे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकण्यासाठी किशोरवयातच अमेरिकेला गेले. त्या काळी परकीय चलनावर कडक निर्बंध असल्याने शुल्कापुरते डॉलर मिळवण्यासाठी त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी ‘टिब्को’ ही संगणकप्रणाली कंपनी स्थापन केली आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघात अल्प भागीदारी घेतली. किंग्जच्या खरेदीत संघाचे मूल्य ५३ कोटी ४० लाख डॉलर धरण्यात आले होते, जो त्या वेळी एनबीएतील उच्चांक होता. एनबीए संघात बहुमताची मालकी असलेले ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ होत.

रणदिवे यांचे नाव बास्केटबॉलच्या संदर्भात त्याआधीच लेखक माल्कम ग्लॅडवेल यांच्या लेखनातून वाचकांपर्यंत पोहोचले होते. स्वतः कधीही बास्केटबॉल न खेळलेल्या रणदिवे यांनी मुलीच्या शालेय वयोगटातील संघाला प्रशिक्षण देताना, प्रतिस्पर्ध्यांवर संपूर्ण मैदानभर दबाव टाकण्याची पद्धत वापरली. कौशल्यात कमी असलेला तो संघ राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धेपर्यंत गेला. बाहेरच्या माणसाने रूढ संकेत मोडून यश मिळवल्याची ही कथा किंग्जच्या या हंगामाशी वारंवार जोडली गेली. त्यामागचे कारण पुढील घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

नव्या मालकांनी जून २०१३ मध्ये मायकेल मलोन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. मलोन हे वॉरियर्समध्ये सहायक प्रशिक्षक असल्याने रणदिवे त्यांना तेथूनच ओळखत होते. विशेष म्हणजे ही निवड महाव्यवस्थापकाच्या नेमणुकीपूर्वीच झाली. सर्वसाधारणपणे महाव्यवस्थापक प्रशिक्षकाची निवड करतो. येथे पीट डी’अलेसँड्रो महाव्यवस्थापक म्हणून रुजू झाले, तेव्हा प्रशिक्षक आधीच ठरलेला होता. पहिल्या वर्षी संघाने २८ सामने जिंकले व ५४ गमावले. आदल्या वर्षीची कामगिरीही नेमकी तेवढीच होती.

संघातील बदल

२०१४ च्या उन्हाळ्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आयझेया टॉमस या पॉइंट गार्डविषयी होता. जेमतेम ५ फूट ९ इंच उंचीचा टॉमस २०११ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) ६० पैकी ६०व्या क्रमांकावर निवडला गेला होता. २०१३–१४ मध्ये त्याने प्रतिसामना २० हून अधिक गुण मिळवले. तरीही व्यवस्थापनाला चेंडू अधिक फिरवणारा आणि बचावात उजवा पॉइंट गार्ड हवा होता. जुलैमध्ये टॉमसला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरच्या करारासह फिनिक्स सन्सकडे पाठवण्यात आले. मोबदल्यात किंग्जला ॲलेक्स ओरियाखी या खेळाडूचे हक्क आणि अदलाबदलीतील वेतनसवलत मिळाली. टॉमसच्या जागी डॅरेन कॉलिसनशी तीन वर्षांचा करार झाला. एनबीएतील पॉइंट गार्डच्या वेतनाच्या मानाने टॉमसचा करार स्वस्त होता. तो पुढे बोस्टन सेल्टिक्सकडून २०१६–१७ मध्ये प्रतिसामना २८.९ गुणांपर्यंत पोहोचल्यावर या निर्णयाकडे अधिकच टीकेच्या दृष्टीने पाहिले गेले. कॉलिसनने मात्र आपले काम चोख केले. या हंगामात त्याची सरासरी १६.१ गुण होती.

ड्राफ्टमध्ये किंग्जला आठव्या क्रमांकाची निवड मिळाली होती. मिशिगन विद्यापीठाचा कॅनडियन नेमबाज निक स्टॉस्कस याला त्यांनी घेतले. आदल्याच वर्षी सातव्या क्रमांकावर बेन मॅक्लेमोर हा त्याच जागी खेळणारा खेळाडू निवडला असताना पुन्हा तशीच निवड का केली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. स्टॉस्कसला पहिल्या वर्षी फारसा सूर सापडला नाही. मार्च महिन्यात दूरचित्रवाणीच्या उपशीर्षकांत त्याचे नाव चुकून ‘सॉस कॅस्टिलो’ असे उमटले आणि ते टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. त्याच्या खेळापेक्षा या चुकीची प्रसिद्धी अधिक झाली.

रूडी गे याने आपल्या करारातील शेवटच्या वर्षाचा पर्याय स्वीकारून संघातच राहण्याचे ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये त्याला तीन वर्षांची, सुमारे ४ कोटी डॉलरची मुदतवाढ मिळाली. इस्रायलचा ओमरी कास्पी संघात परतला. रेमन सेशन्स व रायन हॉलिन्स हेही नव्याने आले. ट्रॅव्हिस आउटलॉ व क्विन्सी एसी न्यूयॉर्क निक्सकडे, तर दुखापतीमुळे सॅक्रामेंटोकडून एकही सामना न खेळलेला जेसन टेरी ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला. कार्ल लँड्री, जेसन थॉम्पसन, रेगी एव्हान्स, डेरिक विल्यम्स आणि रे मॅकॅलम हे आधीचे खेळाडू कायम राहिले. मॅकॅलमच्या पुढाकाराने किंग्जच्या तरुण संघाने जुलैत लास व्हेगास येथील समर लीग जिंकली होती.

संघाचा कणा मात्र डीमार्कस कझिन्स हाच होता. २०१० मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला हा सेंटर गुण व रिबाउंड या दोन्हींत एनबीएतील अग्रगण्य खेळाडू होता. पंचांशी वाद आणि त्यापोटी मिळणाऱ्या तांत्रिक ताकिदींमुळे त्याची प्रतिमा तापट खेळाडूची झाली होती. मलोन यांनी त्याच्याशी विश्वासाचे नाते जोडले. ऑगस्ट-सप्टेंबर २०१४ मध्ये कझिन्स आणि गे हे दोघेही स्पेनमधील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होते. तेथून परतलेला कझिन्स अधिक प्रगल्भ खेळ करत असल्याचे मत हंगामाच्या सुरुवातीस सर्वत्र व्यक्त होत होते.

हंगामाचा प्रारंभ

सराव सामन्यांसाठी किंग्ज ऑक्टोबरमध्ये चीनला गेले आणि ब्रुकलिन नेट्सविरुद्ध शांघाय व बीजिंग येथे खेळले. घरच्या मैदानावरील पहिल्या लढतीत २९ ऑक्टोबर रोजी वॉरियर्सने त्यांना ९५–७७ असे हरवले. त्यानंतर पोर्टलंड, लॉस एंजेलस क्लिपर्स, डेन्व्हर (दोनदा) आणि फिनिक्स अशा संघांवर लागोपाठ पाच विजय मिळाले. पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय ही सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकांसाठी अनपेक्षित गोष्ट होती.

मलोन यांची पद्धत जुन्या वळणाची होती. चेंडू बास्केटजवळ कझिन्सकडे पोहोचवायचा, त्याच्यावर दोन बचावपटू धावले की मोकळ्या सहकाऱ्याला द्यायचा, प्रतिस्पर्ध्यांकडून फाउल ओढून फ्री थ्रो मिळवायचे आणि खेळाचा वेग आवाक्यात ठेवून बचाव मजबूत करायचा. त्यात झगमगाट नव्हता. पण हाताशी असलेल्या खेळाडूंना ती साजेशी होती.

१३ नोव्हेंबर रोजी मेंफिस ग्रिझलीजविरुद्धचा पराभव चटका लावणारा ठरला. या सामन्यात किंग्जकडे एकेकाळी २६ गुणांची आघाडी होती. ती हळूहळू ओसरली आणि अवघे ०.३ सेकंद उरले असताना व्हिन्स कार्टरने बाहेरून उंच फेकलेला चेंडू कोर्टनी लीने बास्केटमध्ये टाकून ग्रिझलीजला १११–११० असा विजय मिळवून दिला. चेंडूला आधी हॉलिन्सचा स्पर्श झाल्याने घड्याळ लवकर सुरू व्हायला हवे होते, असा दावा करत किंग्जने एनबीएकडे अधिकृत तक्रार केली. ती फेटाळण्यात आली.

तरीही २६ नोव्हेंबरपर्यंत संघाच्या खात्यावर ९ विजय व ६ पराभव होते.

कझिन्सचे आजारपण आणि मलोन यांची बडतर्फी

नोव्हेंबरच्या शेवटी कझिन्सला विषाणूजन्य मेंदूज्वर (व्हायरल मेनिंजायटिस) झाल्याचे निदान झाले. तो एकूण दहा सामन्यांना मुकला. त्याच्या जागी खेळवण्याजोगा तोलामोलाचा सेंटर संघात नव्हता. त्याच्याविना खेळलेल्या पहिल्या नऊपैकी सात सामने किंग्जने गमावले. १३ डिसेंबरला घरच्या मैदानावर डेट्रॉइट पिस्टन्सकडून पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १४ डिसेंबर २०१४ रोजी रात्री, मलोन यांना पदावरून दूर करण्यात आले. तेव्हा संघाची कामगिरी ११ विजय व १३ पराभव अशी होती. २४ सामन्यांनंतरची मागील अनेक हंगामांतील संघाची स्थिती पाहता ही कामगिरी उलट सरस होती.

बडतर्फीचे कारण केवळ निकाल नसल्याचे व्यवस्थापनानेच सूचित केले. डी’अलेसँड्रो यांनी खेळाच्या शैलीचा मुद्दा मांडला. मालकांना वेगवान आणि मुक्त खेळ हवा होता. रणदिवे यांनी यासाठी संगीताचा दृष्टान्त दिला. गोंधळाच्या काळात शिस्तबद्ध कवायती बँड आवश्यक असतो. आता मात्र प्रत्येक वादकाला स्वतंत्रपणे खुलण्यास वाव देणारा जॅझ वाद्यवृंद हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रतिस्पर्ध्यांच्या बास्केटजवळ एक खेळाडू कायम थांबवून उरलेल्या चौघांनी बचाव करावा, अशी कल्पना त्यांनी सुचवल्याची वृत्तेही याच सुमारास प्रसिद्ध झाली. या कल्पनेची क्रीडामाध्यमांत बरीच थट्टा झाली. मुलींच्या संघातील प्रयोगाची आठवण अर्थातच निघाली.

मलोन यांच्या बाजूनेही वाद पूर्णपणे एकतर्फी नव्हता. त्यांचा संघ आक्रमणात संथ व काहीसा ठरावीक असल्याची टीका बडतर्फीपूर्वीही झाली होती. परंतु मुख्य खेळाडू आजारी असताना, तोही त्या प्रशिक्षकाला सर्वाधिक मानणारा खेळाडू असताना, हा निर्णय घेतला गेल्याने त्याचा अर्थ खेळाडूंना समजावणे अवघड झाले. कझिन्स व गे या दोघांनीही आपली नाराजी लपवली नाही. शेजारच्या ओकलंडमध्ये वॉरियर्सने त्याच वर्षी ५१ विजय मिळवणाऱ्या मार्क जॅक्सन यांना हटवून स्टीव्ह कर यांना आणले होते आणि तो संघ ६७ सामने जिंकून विजेतेपदाकडे निघाला होता. प्रशिक्षक बदलल्याने चांगला संघ उत्तम होऊ शकतो, याचे ते उदाहरण डोळ्यांसमोर होते. फरक इतकाच की, कर यांना पूर्ण उन्हाळा व सरावशिबिर मिळाले होते, तर सॅक्रामेंटोत बदल हंगामाच्या मध्यात झाला आणि कायमचा उत्तराधिकारीही तेव्हा ठरलेला नव्हता.

कॉर्बिन यांचा काळ

मलोन यांचे सहायक टायरोन कॉर्बिन यांच्याकडे सूत्रे सोपवण्यात आली. २०११ ते २०१४ या काळात ते युटा जॅझचे मुख्य प्रशिक्षक होते. प्रारंभी हंगामी असलेली त्यांची नियुक्ती डिसेंबरअखेर उर्वरित हंगामापुरती पक्की करण्यात आली. वेग वाढवण्याचा प्रयत्न झाला, पण त्यासाठी लागणारे चपळ खेळाडू आणि बाहेरून अचूक नेम साधणारे खेळाडू संघात पुरेसे नव्हते. वेग वाढला तसा बचाव ढासळला. कझिन्स डिसेंबरच्या उत्तरार्धात परतल्यावरही घसरण थांबली नाही.

२३ जानेवारी २०१५ रोजी ओकलंड येथील सामन्यात वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने तिसऱ्या चतुर्थकात एकट्याने ३७ गुण केले. या बारा मिनिटांत त्याने घेतलेले १३ पैकी १३ नेम लागले, त्यांपैकी नऊ तीन गुणांचे होते. एका चतुर्थकातील हा एनबीएचा विक्रम आहे. थॉम्पसनने एकूण ५२ गुण मिळवले व वॉरियर्सने सामना १२६–१०१ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याच्या विक्रमाशी नाव जोडले जाणे कोणत्याही संघाला आवडत नाही. किंग्जच्या या हंगामाची आठवण मात्र अनेकदा याच सामन्यामुळे काढली जाते.

याच काळात एक समाधानाची गोष्टही घडली. जखमी कोबी ब्रायंटच्या जागी एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी ऑल-स्टार सामन्यासाठी कझिन्सची निवड केली. २००४ नंतर हा मान मिळवणारा तो किंग्जचा पहिला खेळाडू ठरला.

कॉर्बिन यांच्या कारकिर्दीत संघाने २८ पैकी केवळ ७ सामने जिंकले. उर्वरित हंगामाचे आश्वासन दिल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारीतील ऑल-स्टार विश्रांतीच्या वेळी त्यांनाही दूर करण्यात आले.

जॉर्ज कार्ल

१७ फेब्रुवारी रोजी जॉर्ज कार्ल यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून घोषणा झाली. सिॲटल, मिलवॉकी, डेन्व्हर आदी संघांबरोबर १,१३१ विजय मिळवलेले कार्ल एनबीएच्या इतिहासातील सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक होते. डेन्व्हरमधील वेगवान खेळासाठी त्यांना २०१३ मध्ये सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला होता. मालकांना हवी असलेली शैली त्यांच्या रूपाने मिळाली. २० फेब्रुवारी रोजी बोस्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात किंग्जने विजय मिळवला. खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, सेशन्सला वॉशिंग्टन विझर्ड्सकडे देऊन अनुभवी आंद्रे मिलरला आणण्यात आले. मिलर डेन्व्हरमध्ये कार्ल यांच्या हाताखाली खेळलेला होता.

कॉलिसन स्नायूच्या दुखापतीमुळे फेब्रुवारीनंतर खेळू शकला नाही आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे पॉइंट गार्डची जबाबदारी मॅकॅलम आणि मिलर यांच्यावर आली. कार्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने ११ सामने जिंकले, १९ गमावले. कझिन्स हा गेल्या पाच वर्षांत पाचव्या मुख्य प्रशिक्षकासोबत काम करत होता.

व्यवस्थापनातही उलथापालथ सुरू होती. ३ मार्च रोजी संघाचे माजी सेंटर व्लादे डिवाच यांची उपाध्यक्षपदी नियुक्ती झाली आणि निर्णयाधिकार हळूहळू त्यांच्याकडे गेले. मालकांचे सल्लागार क्रिस मलिन महिनाअखेरीस सेंट जॉन्स विद्यापीठाचे प्रशिक्षकपद स्वीकारून बाहेर पडले. जूनमध्ये डी’अलेसँड्रो डेन्व्हर नगेट्समध्ये गेले. अशा प्रकारे मलोन यांना हटवणारे महाव्यवस्थापकही सहा महिन्यांत संघाबाहेर होते.

तीन प्रशिक्षकांच्या काळातील कामगिरी पुढीलप्रमाणे होती:

प्रशिक्षक | सामने | विजय | पराभव
मायकेल मलोन | २४ | ११ | १३
टायरोन कॉर्बिन | २८ | ७ | २१
जॉर्ज कार्ल | ३० | ११ | १९
एकूण | ८२ | २९ | ५३

मलोन यांच्या २४ पैकी नऊ सामन्यांत कझिन्स नव्हता, ही बाब या आकड्यांसोबत लक्षात घ्यावी लागते. तो खेळत असताना त्यांनी १५ पैकी ९ सामने जिंकले होते.

सिम भुल्लर आणि भारताशी संबंध

टोरंटोत जन्मलेल्या सिम भुल्लरचे आई-वडील मूळचे पंजाबचे. ७ फूट ५ इंच उंचीचा हा सेंटर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून खेळला होता. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नाही. ऑगस्टमध्ये किंग्जने त्याच्याशी करार केला, ऑक्टोबरमध्ये मोकळे केले आणि तो रीनो बिगहॉर्न्स या किंग्जच्या संलग्न संघाकडे गेला. एनबीएच्या खालच्या स्तरावरील त्या वेळच्या ‘डी-लीग’मध्ये हा संघ खेळत असे.

रीनोत त्या वर्षी एक वेगळाच प्रयोग चालू होता. तरुण प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी वडिलांनी ग्रिनेल महाविद्यालयात रुजवलेली पद्धत तेथे आणली होती: सतत पूर्ण मैदानभर दबाव, दर काही मिनिटांनी खेळाडूंचा अख्खा संच बदलणे आणि संधी मिळताच तीन गुणांचा नेम. एनबीएतील सर्वांत वेगवान खेळाचा ध्यास घेतलेल्या मालकांच्या संलग्न संघात, धावण्यात संथ असलेला हा महाकाय सेंटर खेळत होता, हा योगायोग गमतीचा होता.

२ एप्रिल २०१५ रोजी किंग्जने भुल्लरशी दहा दिवसांचा करार केला. अशा अल्पकालीन करारांवर संघ हंगामाच्या मध्यानंतर खेळाडूंची चाचणी घेऊ शकतात. ७ एप्रिलला मिनेसोटा टिंबरवुल्व्हजविरुद्ध घरच्या मैदानावर, सामना संपायला सुमारे १६ सेकंद उरले असताना तो मैदानात उतरला. दुसऱ्या दिवशी युटाविरुद्ध त्याने आपले एकमेव बास्केट केले. तीन सामने आणि दोन गुण एवढीच त्याची एनबीएतील नोंद आहे. ही नियुक्ती भारतीय बाजारपेठेवर डोळा ठेवून केल्याची टीका झाली व तीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. मात्र डी-लीगमधील त्याच्या खेळाने त्याला अशा कराराइतपत पात्र ठरवले होते, हेही खरे. त्याच वर्षी जूनमध्ये पंजाबच्या सतनाम सिंग याची डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवड केली. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय.

भारतात एनबीएचे सामने व्हावेत हा रणदिवे यांचा आग्रह पुढे फळाला आला. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआयच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने होत. पहिल्या सामन्याचे प्रेक्षक मुख्यतः शालेय विद्यार्थी होते. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले. पहिला जादा वेळेत १३२–१३१ असा अटीतटीचा झाला.

वैयक्तिक कामगिरी

कझिन्सने ५९ सामन्यांत प्रतिसामना २४.१ गुण व १२.७ रिबाउंड अशी कामगिरी केली आणि हंगामाच्या शेवटी त्याची एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात निवड झाली. गे याची सरासरी २१.१ गुण होती. मॅक्लेमोर हा सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला.

नंतरच्या घडामोडी

जून २०१५ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जने सहाव्या क्रमांकावर विली कॉली-स्टाइनला घेतले. जुलैमध्ये डिवाच यांनी वेतनमर्यादेत जागा करण्यासाठी स्टॉस्कस, लँड्री व जेसन थॉम्पसन यांना फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे पाठवले. सोबत पहिल्या फेरीतील एक भावी निवड आणि दोन वर्षे निवडीचा क्रम अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. मोकळ्या झालेल्या जागेत रेजॉन रॉन्डो, कोस्टा कूफोस आणि मार्को बेलिनेली आले. या व्यवहाराची किंमत संघाला अनेक वर्षे मोजावी लागली. २०१७ मध्ये सोडतीत तिसरा क्रमांक मिळूनही किंग्जला तो फिलाडेल्फियाला देऊन पाचवा घ्यावा लागला, आणि २०१९ ची पहिल्या फेरीतील निवडही हातची गेली. पाचव्या क्रमांकावर मिळालेला डीॲरन फॉक्स पुढे संघाचा आधारस्तंभ झाला, हा नशिबाचा भाग.

कार्ल आणि कझिन्स यांचे संबंध पहिल्याच उन्हाळ्यात बिघडल्याची वृत्ते आली. २०१५–१६ मध्ये ३३ विजय मिळाल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये कार्ल यांनाही पदमुक्त करण्यात आले. कझिन्स फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सकडे गेला. संघ सॅक्रामेंटोतच राहील याची हमी ठरलेले ‘गोल्डन वन सेंटर’ हे नवे प्रेक्षागार २०१६ मध्ये खुले झाले. किंग्जला बाद फेरी गाठण्यासाठी मात्र प्रशिक्षक माइक ब्राउन यांच्या कारकिर्दीत २०२३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत सलग १६ हंगाम बाद फेरीविना गेले होते आणि तो एनबीएतील विक्रम आहे.

मलोन यांनी जून २०१५ मध्ये डेन्व्हर नगेट्सचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. तेथे त्यांना निकोला योकिच हा सेंटर मिळाला. किंग्जने स्टॉस्कसला निवडले त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने योकिचला ४१व्या क्रमांकावर घेतले होते. २०२३ मध्ये, किंग्ज बाद फेरीत परतले त्याच वर्षी, नगेट्सने मलोन यांच्या मार्गदर्शनाखाली आपले पहिले एनबीए विजेतेपद जिंकले.